आजोबांच्या कॅमेऱ्याची किंमत किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पूर्ण मजकूर इथे आहेच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बी.टेक. केलं, नोकरीला लागलो, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. जुन्या वस्तूंचा आणि माझा तसा काही संबंध नाही. पण मागच्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला आणि दोन महिने मी एका लाकडी डब्याच्या मागे लागलो. आज त्या डब्याची गोष्ट.

माझ्या आईच्या वडिलांचा आपल्या शहरात, पैठण गेटच्या मागच्या गल्लीत फोटो स्टुडिओ होता. आजोबा गेल्यावर मामाने चालवला. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स, नंतर नुसती झेरॉक्स. शेवटी जागामालकाने दुकान रिकामं करायला सांगितलं. मामा म्हणाला, "अरे, तो मोठा कॅमेरा आहे ना, लंडनचा, तो विकायचाय. मोबाईलवर बघितलं, असल्या कॅमेऱ्याला अडीच लाख लावलेत. पोरीची नर्सिंगची फी निघून जाईल." फी होती ऐंशी हजार. पुण्याचा एक संग्राहक येऊन बघून गेला होता आणि त्याने सांगितले बावीस हजार. मामाचं म्हणणं असं, की तो आपल्याला गंडवतोय. "तू इंजिनिअर आहेस, तूच काढ खरी किंमत."

आता इंजिनिअरला काम दिलं की तो काय करतो? एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली.

पहिले, प्लेट कॅमेरा म्हणजे काय ते सांगतो. जुन्या सिनेमात फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेतो ना, तोच हा कॅमेरा. यात रोल नसतो. पुढे लेन्स, मागे घासलेली काच आणि मधे हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. घासलेल्या काचेवर चित्र उलटं दिसतं. ते नीट जमलं की काच बाजूला करून तिच्या जागी लाकडी चौकट सरकवायची. तिच्या आत रसायनाचा थर दिलेली काचेची प्लेट असते. एका प्लेटवर एकच फोटो. सुरुवातीला, म्हणजे १८५१ नंतर, ही प्लेट फोटोग्राफरला जागेवरच ओली तयार करून ओली असतानाच वापरावी लागायची. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची रीत सुचवली आणि पुढे विकतच्या तयार प्लेटा आल्या.

आणि हे सगळं लांब कुठेतरी घडत होतं असं समजू नका. रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढत होता. त्यातल्या बऱ्याच नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिलने मधल्या काळात कॅमेरा हातात घेतला होता आणि त्याने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापून आले. त्याची कबर आजही भुसावळला आहे. पुढे निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी आपल्या भागातल्या वास्तूंचे फोटो काढले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता किमतीकडे. पहिला धडा मला एका रात्रीत मिळाला. मामाने बघितलेले अडीच लाख ही किंमत नव्हतीच. ती मागणी होती. नोकरीच्या फॉर्ममध्ये आपण 'एक्स्पेक्टेड सीटीसी' काय भरतो आणि ऑफर लेटरमध्ये काय येतं, तेवढाच फरक. जाहिरातीत कोणी काहीही आकडा टाकू शकतो. वस्तू विकली किती रुपयांना गेली, ते बघायचं. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' असं फिल्टर आहे. लिलाव करणाऱ्या संस्था जुन्या लिलावांचे निकाल वेबसाइटवर ठेवतात. ते आकडे शीटमध्ये भरा. एक-दोन नको, वीस-पंचवीस तरी भरा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाजूला काढा. मधे जे उरतं, तो बाजार.

दुसरा धडा, जुनं म्हणजे महाग नाही. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एका लिलावात १८३९ चा डागेरोटाइप कॅमेरा ७ लाख ३२ हजार युरोला गेला. जगात सुरुवातीला विकायला आलेल्या कॅमेऱ्यांपैकी तो एक. आणि २०२२ मध्ये १९२३ च्या सुमाराचा एक छोटासा लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. वयाने ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी लहान, किमतीने वीसपट. कारण तसे लायका अगदी मोजके बनले होते आणि हा तर लायकाच्या जनकाने, ऑस्कर बार्नाकने स्वतः वापरलेला. म्हणजे किती शिल्लक आहेत आणि कोणाच्या हातातला आहे, यावर किंमत ठरते. शंभर वर्षांपूर्वीचे साधे घडीचे प्लेट कॅमेरे युरोपात ढिगाने बनले, ढिगाने शिल्लक आहेत, म्हणून आजही स्वस्तात मिळतात.

मग मी मामाकडे गेलो आणि कॅमेरा टेबलावर ठेवून एकेक तपासायला लागलो. तुमच्याही घरी माळ्यावर असं काही असेल, तर याच क्रमाने बघा.

एक, माप. घासलेल्या काचेवर पट्टी ठेवा. साडेसहा बाय साडेआठ इंच म्हणजे फुल प्लेट. पावणेपाच बाय साडेसहा म्हणजे हाफ प्लेट. सव्वातीन बाय सव्वाचार म्हणजे क्वार्टर प्लेट. आमचा हाफ प्लेट निघाला.

दोन, बनवणारा कोण. इथे आमच्या घरात भूकंप झाला. लहानपणापासून ऐकत आलो, "लंडनचा कॅमेरा." मी मऊ ब्रशने धूळ झाडली, टॉर्च तिरपा धरला, तर पितळी पट्टीवर अक्षरं दिसली. वागीश्वरी कॅमेरा वर्क्स, अलेप्पी. म्हणजे केरळमधलं आलप्पुळा!

मामाचं तोंड उतरलं. "म्हणजे डुप्लिकेट?" म्हटलं, मामा, डुप्लिकेट नाही, भारतीय. मग मी वाचायला लागलो. के. करुणाकरन नावाचा माणूस. घरात वाद्यं दुरुस्त करायचा धंदा. एका स्टुडिओवाल्याने भाता बिघडलेला विलायती कॅमेरा दुरुस्तीला आणला. वाद्याचा भाता जमतो त्याला कॅमेऱ्याचा का जमणार नाही? जमला. मग त्याने स्वतःच कॅमेरे बनवायला घेतले, १९४० च्या दशकात. लाकडी अंग, पितळी सामान, लेन्स तेवढी परदेशी. पुढची कितीतरी वर्षं देशभरातल्या स्टुडिओंमध्ये हा कॅमेरा चालला. तुमच्या आजी-आजोबांच्या लग्नानंतरचा तो खुर्ची आणि कुंडीवाला फोटो याच कॅमेऱ्याने काढलेला असू शकतो.

तीन, लेन्स. प्लेट कॅमेऱ्यात लेन्स वेगळी निघते आणि कित्येकदा डब्यापेक्षा लेन्सच महाग असते. जुन्या पोर्ट्रेट लेन्स, विशेषतः १८४० मध्ये पेट्झव्हालने काढलेल्या रचनेच्या, आजही लोक वापरायला घेतात, कारण चेहरा स्पष्ट आणि कडा विरघळल्यासारख्या येतात. मोबाईलचा पोर्ट्रेट मोड ज्याची नक्कल करतो, ते काचेत खरोखर होतं. लेन्सच्या नळीवर नाव, फोकल लेंग्थ आणि नंबर कोरलेला असतो. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरांवरून साल काढता येतं. आमच्या लेन्सवर नाव होतं टेलर, टेलर अँड हॉब्सन, इंग्लंडच्या लेस्टर शहरातली कंपनी. म्हणजे 'लंडनचा' ही अफवा इथून निघाली होती. आजोबांनी डबा केरळचा घेतला आणि लेन्स कुठून तरी जुनी मिळवली.

चार, अवस्था. आणि इथे माझी चोरी पकडली गेली. साधारण दहा वर्षांचा असताना, दिवाळीच्या साफसफाईत, आजी देवाची भांडी चिंच लावून घासत होती. मी पण मदत म्हणून लेन्सची पितळी नळी चिंचेने घासली. झकास चकाकली! आजीने पाठ थोपटली. आता कळलं, की जुन्या पितळी लेन्सवर लाखेसारखा सोनेरी मुलामा असतो आणि कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरलेला असतो. दोन्ही मी धुऊन टाकलं. संग्राहकाला मळलेलं पण मूळचं हवं असतं, चकाकणारं नको. पुण्याच्या त्या माणसाने लेन्स हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला होता, "हे कोणी घासलं?" मामाने तेव्हा खांदे उडवले होते. आता मला कबूल करावं लागलं. म्हणून हात जोडून सांगतो, विकायचा असो नसो, पॉलिश करू नका. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस्स.

अवस्थेत अजून काय बघायचं? भाता. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा. बाहेरून चांदण्या दिसल्या, म्हणजे तेवढी छिद्रं. आम्हाला सात चांदण्या दिसल्या, जास्त करून घड्यांच्या कोपऱ्यांवर. लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. आणि स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. त्याआधीचा म्हणून विकतात त्या कॅमेऱ्यात असा स्क्रू दिसला, तर एकतर दुरुस्ती झालीय किंवा वस्तूच नवी आहे. सजावटीसाठी बनवलेले चकचकीत लाकडी-पितळी कॅमेरे ऑनलाइन भरपूर आहेत, त्यांच्यावर 'लंडन' असंही कोरलेलं असतं. त्यांची ओळख सोपी आहे. मागे घासलेली काच नाही, प्लेट सरकवायला जागा नाही, म्हणजे तो कॅमेरा नाही, दिवाणखान्यातला शोपीस आहे.

पाच, सगळं आहे का? जुना फोन विकताना बॉक्स, बिल, चार्जर असेल तर चार पैसे जास्त मिळतात ना? इथे तेच. प्लेट ठेवायच्या लाकडी चौकटी, ज्यांना स्टुडिओवाले स्लाईड म्हणायचे, त्या नसतील तर कॅमेरा मुका. त्या त्याच कॅमेऱ्यात बसणाऱ्या हव्यात. आमच्याकडे तीन निघाल्या, एक कोळशाच्या पोत्यामागे. तिपाई, पेटी, खरेदीची पावती, जे असेल ते एकत्र ठेवा.

सहा, गोष्ट. म्हणजे हा कॅमेरा कोणी, कुठे, किती वर्षं वापरला आणि त्याला पुरावा काय. आजोबांचा या कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला एक फोटो सापडला. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, 'औरंगाबाद (दक्षिण)'. त्या एका फोटोने नुसता 'एक जुना कॅमेरा' हा 'अमुक स्टुडिओचा कॅमेरा' झाला.

आणि सातवी गोष्ट कायद्याची. मी उत्साहाने म्हणालो होतो, परदेशात विकू, डॉलर येतील. थांबा. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कलेची, विज्ञानाची साक्ष देणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आमचा डबा शंभरच्या आतला, पण लेन्स? ती शंभरी ओलांडलेली असू शकत होती. अशा वेळी कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारायचं. त्यांचं मंडळ कार्यालय आपल्याच शहरात आहे. आम्ही देशातच विकायचं ठरवलं.

तर शीटचं उत्तर काय आलं? वीस ते पस्तीस हजार. म्हणजे पुण्याचा माणूस मामाला गंडवत नव्हता. बावीस हजार ही सरळ किंमत होती. मामा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याला आकडा वाढवणारा भाचा हवा होता, मी कमी करणारा निघालो. मलाही वाईट वाटलं. पण खोटा आकडा सांगितला असता तर कॅमेरा अजून पाच वर्षं अडीच लाखांची वाट बघत ओलीत पडला असता आणि फी तिथेच राहिली असती.

आता खरी गोष्ट. कॅमेऱ्यामागच्या फळीवर पुठ्ठ्याच्या डब्या होत्या. एकेचाळीस. प्रत्येकीत डझनाच्या आसपास काचेच्या प्लेटा. साडेचारशेच्या वर. पुण्याच्या माणसाला त्यात रस नव्हता, तो यंत्रांचा संग्राहक. पण गल्लीतला फ्रेमवाला मामाला म्हणाला होता, "भैया, ये काच दे दो, चांगले पैसे देतो." गरम पाण्यात टाकलं की वरचा थर सुटतो आणि खाली स्वच्छ काच. फोटोंच्या फ्रेमला चालते. मामा सांगतो, पूर्वी कितीतरी स्टुडिओंनी असंच केलं. दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा धुऊन त्या काचेखाली देवाचा फोटो बसवला.

मामा देऊन टाकणार होता. चार हजार तर चार हजार. मी म्हटलं, एक रात्र दे.

जुगाड सांगतो, तुम्हालाही करता येईल. टॅबलेटवर पांढरी स्क्रीन पूर्ण उजेडात लावली. प्लेट कडांनी धरून, चकचकीत बाजू खाली आणि मळकट बाजू वर, स्क्रीनपासून जराशी उंच ठेवली. टॅबलेटला चिकटवून ठेवली तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. वरून फोनने सरळ फोटो काढला. मग एडिटिंग ॲपमध्ये रंग उलटे केले, आणि चित्र आरशासारखं उलटं आलं असेल तर तेही फिरवलं.

आणि काळ्या-पांढऱ्या धुरातून एक माणूस वर आला. फेटा, जाड मिशा, हात मांडीवर, नखात माती. पुढच्या प्लेटवर तीन बहिणी, सारख्याच कापडाचे झंपर. त्याच्या पुढच्यावर एक बाई, बाळ घट्ट धरलेलं, बाळ हललंय म्हणून त्याचा चेहरा पुसट. चेहऱ्यांवर आजोबांनी पेन्सिलीने केलेलं रिटचिंग जवळून दिसत होतं. रात्री दोन वाजेपर्यंत मी सत्तर प्लेटा केल्या. सकाळी आजीला दाखवल्या. आजीने अकरा जणांना नावानिशी ओळखलं. मी ती नावं डबीच्या नंबरासकट शीटमध्ये लिहून घेतली. त्याच शीटमध्ये, किमतींच्या शेजारच्या पानावर.

त्यातला एक जण, त्याचा मुलगा आता साठीचा, अजून जवळच राहतो. मामाने त्याला बोलावून फोनवर दाखवलं. वडील तो लहान असताना गेलेले, घरात एकही फोटो नव्हता. त्याने फोन हातात घेतला, मोठा करून बघितलं, लहान करून बघितलं. मग म्हणाला, "कान माझ्यासारखे आहेत." एवढंच. चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

त्यानंतर फ्रेमवाल्याचा विषय मामाने परत काढला नाही.

कॅमेरा विकला. त्याच पुण्याच्या माणसाला. त्याला आम्ही वागीश्वरीची पट्टी दाखवली, तिन्ही स्लाईड दिल्या, आजोबांच्या फोटोची प्रत आणि एक पानभर इतिहास दिला. भाता गळतो आणि लेन्स भाच्याने चिंचेने घासली, हेही लिहून दिलं. चौतीस हजार मिळाले. लेन्स वेगळी विकली असती तर कदाचित थोडे जास्त मिळाले असते, पण मामा म्हणाला, "बाबांनी जोडी लावली होती, मी नाही तोडणार." उरलेले शेहेचाळीस हजार आम्ही घरातल्यांनी मिळून भरले. मामेबहीण आता पहिल्या वर्षाला आहे.

प्लेटा माझ्याकडे आहेत. प्रत्येक प्लेट कागदाच्या वेगळ्या पाकिटात, लांब कडेवर उभी, लोखंडी कपाटात. प्लास्टिकमध्ये नाही, कारण आत ओल अडकते. एकावर एक आडव्याही नाहीत, वजनाने खालच्या तडकतात. आणि पाण्याने एकही पुसलेली नाही. आतापर्यंत तीनशे दहा स्कॅन झाल्यात. इन्स्टावर टाक म्हणून मित्र मागे लागलेत. मी टाकत नाहीये. ही माणसं आजोबांसमोर पैसे देऊन बसली होती, जगासमोर नाही. ज्यांची ओळख पटते, त्यांच्या घरी आधी जातो. ते हो म्हणाले तर बघू.

दीनदयाळांच्या प्लेटा दिल्लीत जपल्यात, ते चांगलंच आहे. त्यात राजे आहेत, महाल आहेत. आपल्या गल्लीतले लोक पुठ्ठ्याच्या डब्यांत आहेत, आणि त्या डब्या कोणाच्या तरी माळ्यावर आहेत.

तर तुम्हाला आजचा गृहपाठ. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपले जुने फोटो कोणत्या स्टुडिओत काढायचे? तो स्टुडिओ अजून असेल तर जाऊन विचारा, काचा आहेत का? असतील तर त्यांना सांगा, गरम पाणी नको. आणि कॅमेरा असेल, तर आधी विकलेल्या किमती बघा, मग बोला.

काही सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पितळेला चिंच फक्त देवघरात!